पदवीची शिदोरी

महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाचा इतिहास सांगताना विद्यापीठाची सनद, महाविद्यालयांच्या कोनशिला आणि नामवंत प्राचार्यांची परंपरा यांचा विस्ताराने निर्देश होतो, आणि तो होणे योग्यही आहे. परंतु खेड्यातून निघून जो मुलगा त्या इमारतींच्या पायऱ्या चढला, त्याने पुढची तीन-चार वर्षे दोन्ही वेळा काय खाल्ले, कोणाच्या घरचे खाल्ले आणि त्या अन्नाच्या मोबदल्यात त्याला काय द्यावे लागले, ही हकीकत बहुधा चरित्रग्रंथांच्या आरंभीच्या एखाद्या प्रकरणात, विद्यार्थिदशेतील हालअपेष्टांच्या मथळ्याखाली, दोन पृष्ठांत उरकली जाते. माझ्या मते ही हकीकतच मुख्य होय. फी भरण्याची अडचण होती, नाही असे नाही. पण ती माफ करणारा किंवा भरणारा एखादा सहृदय गुरुजी कोठे ना कोठे भेटत असे. शिक्षण अडत असे ते पोटापाशी, कारण फी वर्षातून दोनदा द्यावयाची असते आणि भूक दिवसातून दोनदा लागते.

विद्येला द्रव्याचा आधार देण्याची आपल्याकडील सर्वांत मोठी जुनी व्यवस्था म्हणजे श्रावणमासातील दक्षिणा. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी हा परिपाठ सुरू केला, आणि १७३१ मध्ये डभोईच्या रणांगणावर त्र्यंबकराव दाभाडे पडून त्या घराण्याचा दरारा ओसरल्यावर पेशव्यांनी तो पुण्यास आपल्याकडे घेतला. पर्वतीच्या पायथ्याशी त्यासाठी रमणा बांधण्यात आला. काशीपासून द्रविड देशापर्यंतचे ब्राह्मण पावसाळ्यातील वाटा तुडवीत श्रावणात पुण्यास येत. त्यांपैकी ज्यांनी व्याकरण, न्याय, मीमांसा, धर्मशास्त्र, ज्योतिष, वैद्यक अशा विषयांत व्यासंग केला असेल त्यांची शास्त्र्यांकडून परीक्षा घेतली जाई व योग्यतेनुसार त्यांना मोठी दक्षिणा मिळे, आणि उरलेल्या हजारोंना रमण्याच्या आवारात कोंडून दरवाजांतून एकेक बाहेर सोडताना हातावर अल्पशी रक्कम ठेवली जाई. या एकाच समारंभात विद्येचा सन्मान आणि जातीचा हक्क अशा दोन भिन्न गोष्टी एकत्र नांदत होत्या. परीक्षा देणारा शास्त्री आणि रमण्यात नुसता गर्दी करणारा भिक्षुक यांच्यातील अंतर सरकारी दफ्तराला ठाऊक होते. परंतु ज्या रयतेच्या सारावसुलीतून तो खजिना भरत असे, त्या रयतेच्या मुलाला रमण्याच्या कोणत्याच दरवाजातून प्रवेश नव्हता, आणि त्याला तो असावा असे त्या दफ्तरातील कोणाही कारकुनाच्या मनात आल्याचे दिसत नाही.

१८१८ मध्ये पेशवाई गेली, तेव्हा ही दक्षिणा एकदम बंद केल्यास पुण्यातील विद्वन्मंडळ बिथरेल हे माउंट स्ट्युअर्ट एल्फिन्स्टनसारख्या धोरणी प्रशासकाने ताडले. त्याने वार्षिक ५०,००० रुपयांची मर्यादा घालून दक्षिणा चालू ठेवली, आणि तिचा काही अंश ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबाग वाड्यात उघडलेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. त्या पाठशाळेत विद्यार्थ्यांकडून पैसे घेण्याचा प्रश्नच नव्हता. उलट विद्यार्थ्यालाच निर्वाहासाठी दरमहा नेमणूक मिळे. पुढे नव्या नावांची नोंद थांबली, जुने दक्षिणेकरी जसजसे निवर्तले तसतशी रक्कम शिल्लक पडू लागली, आणि त्या शिलकेचे करायचे काय यावरून पुण्यात मोठे रण माजले. १८४९ मध्ये गोपाळ हरी देशमुख प्रभृती नव्या विचारांच्या मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की, या निधीतून मराठी ग्रंथरचनेस उत्तेजन द्यावे. सनातनी पक्ष इतका खवळला की अर्जदारांना मार बसण्याची भीती निर्माण झाली, आणि तेव्हा त्यांच्या रक्षणाला धावून आला तो जोतीराव फुले नावाचा बावीस वर्षांचा माळ्याचा मुलगा, आपल्याबरोबर हीन लेखल्या गेलेल्या जातींतील धट्टेकट्टे तरुण घेऊन. ज्यांना दक्षिणेचा एक पैसाही कधी मिळाला नव्हता, अशांनी दक्षिणेच्या सुधारणेचे रक्षण करावे, या घटनेतील थोरवी आपल्या इतिहासलेखनाने पुरेशी ओळखलेली नाही. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ फंड स्थापन झाला.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघाल्यावर याच दक्षिणेने तिसरा अवतार घेतला. महाविद्यालयांत दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. त्यांनी स्वतःचा अभ्यास चालवावा आणि खालच्या वर्गांना थोडे शिकवावे, अशी योजना होती. १८६२ च्या पहिल्या चार पदवीधरांपैकी महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. रानड्यांना ज्युनिअर फेलो म्हणून दरमहा ६० रुपये आणि सीनिअर फेलो म्हणून १२० रुपये मिळत. भांडारकरांची हकीकत तर फारच बोधप्रद आहे: शिक्षण खात्याचे संचालक हॉवर्ड यांच्या सूचनेवरून या फेलोशिपच्या काळात त्यांनी संस्कृताचा अभ्यास आरंभिला, आणि पुढे त्या विषयात त्यांचा शब्द युरोपातील पंडितांनाही मान्य झाला. पोटाची काळजी मिटली म्हणजे बुद्धी किती लांबचा पल्ला गाठू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याचे कारण नाही.

परंतु असे फेलो बोटांवर मोजण्याइतके. शिष्यवृत्त्याही मोजक्या, आणि त्या परीक्षेत पहिल्या येणाऱ्यांसाठी. जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची, मॅट्रिक परीक्षेत संस्कृतात अव्वल येणाऱ्यास मिळणारी शिष्यवृत्ती इतकी मानाची होती की ज्याला ती मिळाली त्याच्या नावापुढे ती आयुष्यभर लागे. १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली हे त्यांच्या चरित्रात आजही आवर्जून सांगितले जाते. पण पहिला येणारा वर्षाला एक. ज्याचे गुण साठाच्या घरात आहेत, ज्याचा बाप कोकणात भिक्षुकी करतो किंवा वारला आहे, आणि ज्याच्या आईने दोन धोतरे व पोह्यांचे गाठोडे देऊन त्याला पुण्याच्या वाटेला लावले आहे, त्याने काय करावे? त्याच्यासाठी सदाशिव, नारायण, शनिवार पेठांतील वाड्यांनी दोन तोडगे काढून ठेवले होते, एक वार आणि दुसरा माधुकरी.

वार लावणे म्हणजे आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे ठरवणे. सोमवारी एका वकिलाकडे, मंगळवारी गावाकडच्या लांबच्या आत्याकडे, बुधवारी मामलेदार कचेरीतील एखाद्या शिरस्तेदाराकडे, असा तो क्रम असे. सातही घरे मिळणे हे भाग्याचे लक्षण. बहुतेकांची पाच किंवा सहाच जमत, आणि ज्या वारी घर मिळाले नाही त्या वाराचे व्रत धरले आहे असे सांगून मुलगा उपास करी. कोणा घरी सुतक पडले, यजमान बदलून परगावी गेले, किंवा घरात पाहुण्यांची दाटी झाली म्हणजे ठरलेला वारही बुडे. अन्नाच्या मोबदल्यात उघडपणे कोणी काही मागत नसे. तरी विहिरीचे पाणी शेंदणे, मंडईतून भाजी आणणे, धाकट्या मुलांचे पाढे घेणे ही कामे मुलगा न सांगता करी, कारण पानावर बसल्यानंतर वाढणारीच्या चेहऱ्याकडे पाहून आपले पुढच्या आठवड्यातील स्थान ओळखण्याची विद्या त्याला कॉलेजातील तर्कशास्त्राच्या आधी अवगत झालेली असे. काही घरांतून त्याला पंगतीत मुलांच्या बरोबरीने बसवीत व साजूक तूपही तसेच वाढीत. काहींतून त्याचे पान मागाहून मांडले जाई. ज्यांनी हे दिवस काढले त्यांनी उतारवयात लिहिताना पहिल्या प्रकारच्या गृहिणीचे नाव कृतज्ञतेने नोंदवले आहे, आणि दुसरीचे नाव सभ्यपणे वगळले आहे.

माधुकरीचा मार्ग याहून कठीण, पण एका अर्थाने अधिक स्वतंत्र. सकाळचा अभ्यास आटोपून, स्नान करून, सोवळे नेसून मुलगा खांद्याला झोळी लावून निघे. झोळीत कोरडे अन्न, आणि वरण-ताकासाठी हाती एखादे पितळी भांडे. ठरावीक घरांच्या ओसरीसमोर उभे राहून त्याने ‘ॐ भवति भिक्षां देहि’ म्हणावे, आतून कोणी भाताची मूद, कोणी चतकोर पोळी, कोणी कालच्या भाकरीचा तुकडा आणून घालावा, आणि पाच-सहा घरांची ही भेसळ खोलीवर आणून, देवाला नैवेद्य दाखवून, त्यातच दोन वेळांचे जेवण भागवावे. येथे कोणा एका घराचे उपकार साचत नसत, आणि धर्माने ब्रह्मचाऱ्याला दिलेला तो अधिकार असल्यामुळे मागण्यात हीनपणाही मानला जात नसे. १९०९ मध्ये पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले, तेव्हा त्याच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांचा उदरनिर्वाह या माधुकरीवरच चाले. आज पुणे विद्यार्थी गृह या नावाने जी मोठी संस्था उभी आहे तिच्या पायात पेठेतील गृहिणींनी घातलेला मूठ-मूठ भात आहे. या अनाम स्त्रियांना, ज्यांतील बहुतेकींना स्वतःला अक्षरओळख नव्हती, महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाच्या आद्य आश्रयदात्या म्हणण्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

या वाटेने न जाता, किंवा ती अपुरी पडल्यामुळे, ज्यांनी इतर मार्ग शोधले त्यांतील दोन नावे सर्वपरिचित आहेत. गोपाळ गणेश आगरकरांनी कऱ्हाडास कंपाउंडरची नोकरी केली, रत्नागिरी, अकोला असा प्रवास शिक्षणासाठी केला, आणि डेक्कन कॉलेजात असताना अंगातला एकुलता एक सदरा रात्री धुऊन वाळत घालावा व सकाळी तोच अंगात घालावा, अशी वर्षे काढली. परीक्षेच्या फीसाठी नाटक लिहून विकण्याचा त्यांचा विचार होता आणि तो कानी पडताच केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे यांनी त्यांना पैशाची मदत केली, असे सांगतात. एवढ्या कष्टांनी मिळवलेल्या पदवीचे पुढे काय करायचे याचा निश्चय आगरकरांनी विद्यार्थी असतानाच आईला पत्राने कळवला होता: मोठ्या पगाराच्या चाकरीची आशा मातेने धरू नये, पोटापुरते मिळवून आपण आपला वेळ लोकांच्या कामी घालवणार. ज्या मातेने या मुलाच्या पगाराकडे डोळे लावले असतील, तिच्या बाजूने ते पत्र वाचून पाहिले म्हणजे शिक्षणाचा खर्च किती माणसांनी उचललेला असतो हे कळते.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचा हिशेब तर रुपये-आण्यांत उपलब्ध आहे. वडील १८७९ मध्ये वारले. थोरले बंधू गोविंदराव शिक्षण सोडून १५ रुपयांच्या नोकरीला लागले आणि त्यांतले ८ रुपये दरमहा कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत आई, भावंडे आणि स्वतःचा प्रपंच. कॉलेजात जाण्याची वेळ आली तेव्हा गोविंदराव कचरले असता वहिनींनी आपले दागिने विकून टाकले. एकदा एका मित्राने नाटकाच्या तिकिटाचे दोन आणे गोखल्यांकडून मागून घेतले, तेव्हा ते भरून काढण्यासाठी त्यांनी दिव्याचे तेल वाचवले आणि रस्त्यावरच्या कंदिलाखाली अभ्यास केला. एल्फिन्स्टन कॉलेजात २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १८८४ मध्ये ते पदवीधर झाले, तेव्हा पुढे कायदा किंवा इंजिनिअरिंग शिकून घराचे पांग फेडण्याचा मार्ग मोकळा होता. त्यांनी पुण्यात शिक्षकी पत्करली, आणि फर्गसन कॉलेजात महिना सुमारे ७५ रुपयांवर वीस वर्षे शिकवण्याची प्रतिज्ञा केली. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी स्वीकारलेले हे अल्प वेतन ही देखील विद्यार्थ्यांना दिलेली शिष्यवृत्तीच होती. सरकारी महाविद्यालयातील गोऱ्या प्राध्यापकाचा पगार देऊन जी फी आकारावी लागली असती, ती या मंडळींच्या त्यागाने खाली राहिली.

आता ज्यांना वाराचे घर मिळत नव्हते त्यांच्याकडे वळले पाहिजे. कुणबी, माळी, धनगर यांच्या मुलाने सोवळे नेसून सदाशिव पेठेत माधुकरी मागावी हे संभवनीय नव्हते, आणि अस्पृश्य मुलाची तर त्या आळीत पाऊल ठेवण्याचीही पंचाईत. अन्नदानाची ती सुंदर व्यवस्था जातीच्या उंबरठ्याशी संपत होती. जोतीराव फुल्यांनी हे वर्म १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात नेमके उघडे केले. स्पर्धेने दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्त्या पुन्हा त्याच वर्गाकडे जातात ज्याच्या घरी आधीच विद्या आहे. म्हणून ज्या वर्गांत शिक्षणाचा प्रसार झालेला नाही त्यांच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या राखून ठेवाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे सरकारने त्या वेळी दप्तरी दाखल केले. पुढील साठ-सत्तर वर्षांत महाराष्ट्रात जे काही घडले ते या एका निवेदनाची सावकाश, तुकड्या-तुकड्यांनी झालेली अंमलबजावणी आहे.

स्त्रियांची स्थिती याहून वेगळी. त्यांना वारही नव्हता, शिष्यवृत्तीही नव्हती, आणि घराबाहेर एकटीने राहण्याची सोयही नव्हती. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या त्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या घरचा आसरा गृहीत धरून. त्यांनी सोन्याच्या बांगड्या विकून प्रवासखर्चात भर घातली, आणि बंगालमधील श्रीरामपूर येथे भरसभेत उभे राहून आपण परदेशी का जातो हे सांगितले, त्यानंतर वर्गणीचा ओघ सुरू झाला. त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या; त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून त्याच्या विक्रीतून भाडे उभे केले. स्वतःच्या शिक्षणासाठी स्वतःच्या लेखणीने पैसा मिळवणारी ही महाराष्ट्रातील पहिली स्त्री असावी. येथेही पैशाच्या पाठीमागे मुख्य प्रश्न राहण्या-जेवणाचाच होता. कार्पेंटरबाईंचे घर नसते तर आनंदीबाईंच्या बांगड्या बोटीच्या तिकिटापर्यंतच पुरल्या असत्या.

कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी हा प्रश्न संस्थानाच्या सत्तेने हाती घेतला. राजाराम कॉलेज होते, फीमाफी देता येत होती, तरी खेड्यातील मराठा मुलगा शहरात टिकत नव्हता. राहायला जागा आणि खायला भाकरी मिळाल्याशिवाय तो टिकणारही नाही, हे महाराजांनी पाहिले आणि १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडले. त्यामागोमाग जैन, मुसलमान, लिंगायत, शिंपी अशा नाना समाजांची वसतिगृहे निघाली; १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. महाराजांनी कोणाला जागा, कोणाला इमारत, कोणाला कायमचे उत्पन्न लावून दिले. जातवार वसतिगृहांनी जातिभेद दृढ होईल असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु एकत्र पंगत व्हावी म्हणून वाट पाहत राहायचे ठरले असते, तर दोन पिढ्या उपाशी आणि अशिक्षित राहिल्या असत्या, आणि पंगतीला बसायला माणूसच उरला नसता. शिवाय या व्यवस्थेतूनच तिच्यापुढे जाणारा माणूस निपजला. कुंभोजच्या भाऊराव पाटील नावाच्या जैन मुलाने मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला हजेरी लावली, आणि परत आल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करण्यास नकार दिला, म्हणून त्याला जैन बोर्डिंगातून बाहेर पडावे लागले. महाराजांनी त्याला आपल्या वाड्यावर आश्रय दिला.

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांची पद्धत निराळी होती: होतकरू व्यक्ती हेरावी आणि तिला दरबारातून नेमणूक द्यावी. चर्नी रोडच्या बागेत नेमाने वाचत बसणाऱ्या एका मुलावर शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांची नजर गेली. तो १९०७ मध्ये मॅट्रिक झाला, त्याच्या वडिलांची मिळकत कॉलेजला पुरेना, तेव्हा केळुसकरांनी महाराजांची भेट घडवून आणली आणि भीमराव आंबेडकरांना एल्फिन्स्टन कॉलेजासाठी दरमहा २५ रुपये मिळू लागले. पुढे अमेरिकेची शिष्यवृत्ती ठरली ती महिना साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची. ४ जून १९१३ रोजी बडोद्यास त्यांनी करारनाम्यावर सही केली, त्यात शिक्षण आटोपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट होती. न्यूयॉर्कमध्ये त्या रकमेतून पोटाला चिमटा घेऊन ते घरी पैसे पाठवीत व उरलेल्यातून पुस्तके घेत. अट पाळण्यासाठी १९१७ मध्ये ते बडोद्यास गेले, तेव्हा कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला खोली मिळेना. पारशी पथिकाश्रमात नाव लपवून काढलेले थोडे दिवस लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने संपवले. शिक्षणाचा खर्च दरबाराने केला होता, परंतु शिकून आलेल्या माणसाला एक खोली देण्याइतके समाजाचे मन तयार करणे दरबाराच्या हातात नव्हते. १९२० मध्ये ते लंडनमधला अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यास तेथे परतले, ते स्वतःच्या पगारातील शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज यांवर. सकाळी पावाचा तुकडा आणि बोव्हरिलचा पेला, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, दुपारचे जेवण नाहीच, आणि रात्री भूक असह्य झाली म्हणजे ओळखीच्या एका गृहस्थाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खावयाचे, असा त्यांचा क्रम चरित्रकारांनी नोंदवला आहे. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा विख्यात प्रबंध या आहारावर लिहिला गेला.

भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह उघडले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याला शाहू महाराजांचे नाव दिले गेले. तेथे महार, मराठा, मुसलमान, रामोशी, ब्राह्मण अशी सर्व मुले एका चुलीवरचे एका पंगतीत खात. मुलांनीच पाणी भरावे, जळण आणावे, पाळीपाळीने भाकरी थापाव्यात. धान्य येई ते मुष्टिफंडातून: गावोगावच्या बाया रोज दळणाला बसण्यापूर्वी एक मूठ जोंधळे वेगळ्या मडक्यात टाकीत, आणि मुले आठवड्याने पोते घेऊन ते गोळा करीत. पेठेतील माधुकरी येथे शेतकऱ्याच्या ओसरीवर आली होती, आणि येताना जातीची अट मागे टाकून आली होती. तरीही अशी वेळ येई की मडकी रिकामी, भाऊराव वर्गणीसाठी परगावी, आणि वसतिगृहात पोरे भुकेली. तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी एकेक करीत दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही विकले. या मुलांतली काही कॉलेजच्या वयाला आली, तेव्हा १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. विद्यार्थ्याने शेतात, बांधकामावर, रस्त्यावर काम करावे आणि त्या श्रमावर शिकावे, ही ‘कमवा आणि शिका’ योजना तेथे रुजली. या योजनेतील मुलाला कोणाच्या चेहऱ्याकडे पाहून घास गिळावा लागत नव्हता.

याच सुमारास आंबेडकरांनी दोन गोष्टी केल्या. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी मध्यवर्ती सरकारकडून वार्षिक ३ लाख रुपयांची तरतूद मिळवली. १९४४ पासून चालू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ती हीच. आणि जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले, त्याचे वर्ग भल्या सकाळी भरत, म्हणजे कचेरीत कारकुनी किंवा गिरणीत काम करणाऱ्या मुलाला तास आटोपून कामावर जाता यावे. पुढे १९५९ च्या सुमारास राज्य सरकारने वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी दिली, आणि ई.बी.सी. ही तीन अक्षरे घराघरात पोहोचली. आज साठी-सत्तरीत असलेले कितीतरी शिक्षक, अभियंते, तलाठी आणि जिल्हाधिकारी या सवलतीचे ऋणी आहेत.

त्यानंतर फीचा आकार बदलला, आणि त्याबरोबर मदतीचे स्वरूपही. विनाअनुदानित महाविद्यालयांची फी कोणा केरूनानांच्या खिशातून भरण्यासारखी राहिली नाही. २००१ पासून बँकांच्या शैक्षणिक कर्जाचा एकसारखा नमुना ठरून चार लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज देण्याची पद्धत आली. हे कर्ज काहींना तारते हे मला मान्य आहे. पण ज्या कुटुंबाला एकही पगार येत नाही त्याने सहीसाठी कर्जाच्या कागदापुढे बसावे आणि मुलीच्या पदवीआधीच तिच्या नावावर कर्ज चढावे, हे मला बरे वाटत नाही. जिच्यासाठी दक्षिणा होती, माधुकरी होती, मुष्टिफंड होता, ती जबाबदारी या व्यवस्थेत पुन्हा एकट्या घरावर येऊन पडते.

आणि पोटाचा प्रश्न जेथल्या तेथे आहे. पुण्यात परीक्षांच्या तयारीसाठी व पदवीसाठी आलेली मुले एक डबा दोघांत वाटून घेतात, रविवारी संध्याकाळी मेस बंद असते म्हणून दुपारीच दोन पोळ्या बाजूला काढून ठेवतात. ही गोष्ट त्या पेठांत राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, आणि तिच्यात भोजनासाठी वेगळी रक्कम धरली आहे, ही मला फार मोलाची सुधारणा वाटते. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत ती वर्षाला ३२,००० रुपये होते, म्हणजे महिन्याला पावणेतीन हजारांच्याही आत. ही रक्कम वाढली पाहिजे, इतर समाजांच्या गरीब मुलांसाठीच्या निर्वाहभत्त्यांतही भोजनाचा असाच स्वतंत्र हिशेब झाला पाहिजे, आणि ती सत्राच्या अखेरीस एकरकमी न येता दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, मेसवाल्याचे पैसे द्यावयाच्या वेळी, मुलाच्या खात्यावर पडली पाहिजे.